लॉक बसणारं मशीन

गुणाजी सावंतला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं आणि मला कॉम्प्युटर कळत नव्हता. या दोन अज्ञानांवर मरोळच्या एका प्रेसमध्ये आम्ही बावीस वर्षं एकाच टेबलाच्या दोन बाजूंना काढली. तो मराठी मजकूर टाइप करायचा आणि मी प्रुफं तपासता तपासता त्याच्यावर खेकसायचो. "अरे, आशिर्वाद नाही, आशीर्वाद!" म्हटलं की तो मान वर न करता म्हणायचा, "लोक तारीख आणि हॉल बघतात, मास्तर." मी पूर्वी शाळेत शिकवायचो, म्हणून मास्तर.

पण कीबोर्डवर त्याची बोटं बघत बसावीत अशी चालायची. गिरणी कामगाराचा हा मुलगा, सगळ्या भावकीत कॉम्प्युटरला पहिला हात लावणारा. अंधेरीच्या त्याच्या बिल्डिंगमध्ये त्याला 'कॉम्प्युटरवाले सावंत' म्हणत. कुणाचा मोबाइल अडला की गुणाजीला बोलावणं यायचं. मोबाइलमधलं त्याला फारसं कळत नसे, पण बंद करून पुन्हा चालू केला की निम्मे मोबाइल सुधारतात आणि बोलबाला होतो.

त्याचं मराठीचं सॉफ्टवेअर जुनं होतं. कॉम्प्युटरच्या मागे काडेपेटीएवढा एक तुकडा खोचल्याशिवाय ते उघडायचंच नाही. या तुकड्याला आमच्या धंद्यात 'लॉक' म्हणतात. पुढे लोक मजकूर मोबाइलवरच लिहून पाठवायला लागले आणि गुणाजीचं काम आटलं. मालकाने त्याला घरी बसवलं आणि निरोप म्हणून ते लॉक त्याच्या हातात ठेवलं. गुणाजीला केवढा आनंद! मला मालकाचा संताप आला होता. फुटकी कवडी किंमत नसलेली वस्तू दिली आणि वर औदार्याचा आव आणला.

गुणाजीची मुलगी रुचिरा तेव्हा ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचा जीव होता व्हिडिओ एडिटिंगमध्ये. तिच्या कॉलेजमधून एक स्टुडिओ दरवर्षी एकाच विद्यार्थ्याला कामावर घेई, तेही तीन मिनिटांची फिल्म बघून. रुचिराने मरोळच्या सुक्या मासळीच्या बाजारात पंधरा दिवस घालवून चित्रण केलं होतं. त्यातला एक तुकडा तिने मला मोबाइलवर दाखवला. बोंबलांची चळत लावणाऱ्या एका बाईचे नुसते हात होते. मी उगीच कुणाचं कौतुक करत नाही, पण त्या दिवशी केलं.

घरी डेस्कटॉप घ्यायचा ठरला. पैसे नव्हते असंही नाही. प्रेसमधून सुटताना मिळालेले होते. रुचिराने कागदावर यादी करून दिली: प्रोसेसर कुठला, रॅम किती, वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. 'हवंच'खाली दोन रेघा. त्या दिवशी तिला कॉलेजातून निघता येत नव्हतं. "बाबांना कळतं ना त्यातलं," ती म्हणाली.

गुणाजी मला सोबत घेऊन गेला. वाटेत त्याने खिशातून यादी काढली आणि पेनाने ग्राफिक्स कार्ड खोडलं. "ते गेम खेळणाऱ्यांना लागतं, मास्तर. आम्ही अख्खे दिवाळी अंक कॉम्प्युटरवर लावले, कधी कार्ड लागलं?" त्या जागी त्याने लिहिलं: 'मागे लॉकचा पोर्ट'. त्याचा हिशेब सरळ होता. संध्याकाळी पोरगी व्हिडिओ करील, दिवसा ती कॉलेजात असताना बाबा मराठी टायपिंगची कामं घेतील. एका मशीनवर दोघांचं भागेल.

नव्या मशीनला तसला पोर्ट येत नाही. म्हणून तो मला घेऊन जुनी मशीन विकणाऱ्या दुकानात आला. दुकान नीला नावाची बाई चालवायची. मशीन मुलीच्या एडिटिंगसाठी हवंय, असं गुणाजीने तिला सांगितलं. तिने यादी वाचली, खोडलेलंही वाचलं.

"काका, मुलीला एडिटिंग करायचंय ना? मग हे नका घेऊ. पोर्टवालं मशीन दहा वर्षांपूर्वीचं आहे. यात चांगलं कार्ड बसणारपण नाही."

"अगो, मी या लायनीत बावीस वर्षं आहे," गुणाजी म्हणाला.

नीलाने माझ्याकडे पाहिलं. वेलांटी चुकली तरी प्रेस डोक्यावर घेणारा मी त्या क्षणी म्हणालो, "त्याला कळतं. मला काय विचारता?" ते वाक्य मला अजून छळतं.

निघताना नीला म्हणाली, "सात दिवसांत परत आणलंत तर बदलून देईन."

मशीन घरी आलं. गुणाजीने मागे लॉक खोचलं, मराठी अक्षरं पडद्यावर उमटली आणि त्याने सगळ्या भावकीला फोन केले. लेकीसाठी मशीन घेतलं, मी स्वतः निवडलं. रुचिराने दुसऱ्या दिवशी दुसरी डिस्क लावून त्यावर नवी विंडोज टाकली. एडिटिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, पण चित्र दोन पावलं चालायचं आणि थांबायचं. तिला त्याच दिवशी सगळं कळलं होतं. पण बाबा फोनवर कुडाळच्या आत्याला मशीनचं वर्णन सांगत होते. सात दिवस ती 'बरंय' एवढंच म्हणत राहिली. आठव्या दिवशी बोलून उपयोग नव्हता.

कॉलेजच्या लॅबमधली आपली पाळी तिने आधीच मैत्रिणीला, निधीला देऊन टाकली होती. घरी मशीन येणार म्हणून.

फिल्म सोमवारी पाचच्या आत पाठवायची होती. दुपारी मी त्यांच्याकडे गेलो. दोन आठवडे एकेक तुकडा रखडत जोडून तिने फिल्म पुरी केली होती, आता अख्खी एकसंध करून बाहेर काढायची होती. पडद्यावर पट्टी सरकत होती. चाळीस टक्के. पंचावन्न. गुणाजी पुठ्ठ्याने मशीनला वारा घालत होता. एकसष्टला पट्टी थांबली.

"बंद करून चालू कर," गुणाजी म्हणाला.

"नको ना, बाबा."

वीस मिनिटं पट्टी एकसष्टवरच होती. मग पडदा काळा झाला. साडेचार वाजले होते. रुचिराने माउस बाजूला सरकवला. "जाऊ दे. माझीच फिल्म जड झाली," ती म्हणाली. खोटं बोलली पोरगी. गुणाजीने ते पटवून घेतलं असं मला वाटलं आणि मला त्याचा राग आला.

निधीची निवड झाली. मुलगी चांगली आहे, तिला दोष नाही. रुचिराने पुढे व्हिडिओचं नाव काढलं नाही. कॉलेज संपल्यावर एका छपाईच्या दुकानात लग्नपत्रिका लावायच्या कामाला लागली. बाजाराचं चित्रण तिने पुसून टाकलं, डिस्कवर जागा हवी म्हणून.

परवा गुणाजी माझ्याकडे पार्ल्याला आला. चहा समोर ठेवला तरी कपाला हात लावेना.

"काल रुचिरा माझ्या बाजूला येऊन बसली," तो म्हणाला. "म्हणाली, बाबा, तुमचा कीबोर्ड शिकवा. कुठल्या बटनावर कुठलं अक्षर ते. दुकानात जुन्या फाइली येतात, कुणालाच येत नाही."

"मग चांगलंच की," मी म्हटलं.

"दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर पेढे वाटले असते, मास्तर. काल तिने विचारलं तेव्हा कळलं, मी काय केलं ते. बटनं दाखवत होतो आणि ती वहीत उतरून घेत होती. एकदापण वर बघितलं नाही तिने."

"नको म्हणायचंस."

त्याने माझ्याकडे पाहिलं. गावची भाषा तो सहसा माझ्यापुढे बोलत नाही.

"शिकवलंय. काय करतलंय? माका तेवढाच येता."