गेसिनेमावशी अक्षर सांगायची

उत्तर जर्मनीतल्या आमच्या फ्रिसियन गावात जुनं जर्मन हस्ताक्षर वाचू शकणारी एकच बाई उरली होती, गेसिनेमावशी. पोटमाळ्यावर कुणाला पणज्याचे कागद सापडले की स्वारी तिच्या दारात. पण मावशी वाक्य म्हणून कधी वाचायचीच नाही. ती एकेक अक्षर सांगणार, समोरच्याने ते आजच्या लिपीत लिहायचं. "अर्थ लावायला गेलं की माणूस आपल्याला हवं तेच वाचतो," म्हणायची. लोक वैतागायचे. मीही वैतागायचे.

त्या दुपारी शेजारची थेडा घरचं बायबल घेऊन आली. मी चहा ओतत होते. थेडाचा धाकटा भाऊ एन्नो, त्याला फिट यायच्या. युद्धाच्या काळात अशा आजारी पोरांना सरकारच संस्थांत नेऊन मारायचं; त्यालाही सरकारी गाडीतून कुठल्याशा संस्थेत नेलं आणि मागाहून आला तो मृत्यूचा दाखला. बापानेच सही करून पोराला देऊन टाकलं, असं थेडाने तेव्हाच मनाशी धरलं. बाप मरेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. आता बायबलच्या कोऱ्या पानावर आईचं अक्षर सापडलं होतं.

"सत्तरी उलटली तरी खपली काढायची हौस जात नाही तुझी," मावशी म्हणाली.

"तू अक्षरं सांग गं. भाषण नको."

मावशी सांगत गेली, थेडा लिहीत गेली. 'एन्नोला आज नेलं.' मग, 'हिन्रिक नको म्हणाला.'

हिन्रिक म्हणजे बाप. थेडाची पेन्सिल थांबली. मावशीही थांबली. तिची नजर पुढे धावून आली होती, हे तिच्या चेहऱ्यावरच दिसलं.

"पुढची शाई उडालीये."

"गेसिने, तुला खोटं बोलायला जमत नाही. सांग."

मावशीने उगाचच चष्मा पुसला. मग अगदी खालच्या आवाजात एकेक अक्षर सांगितलं. थेडाने शाळकरी मुलीसारखं नीट लिहून काढलं: 'सही मी केली.'

मला त्या मेलेल्या आईचा संताप आला. चहा तसाच निवला.

"ऊठ," मावशी शेवटी म्हणाली. "कोट घाल. हिन्रिकच्या कबरीवर जाऊन येऊ. फुलं मी घेते."

थेडाने पेन्सिल बायबलवर ठेवली.

"कबरीच्या जागेची भाड्याची मुदत संपली तेव्हा चर्चवाल्यांनी विचारलं होतं, कबर ठेवायची का म्हणून. मी नको म्हटलं. दगडसुद्धा नेला त्यांनी. तिथे आता दुसरंच कुणीतरी आहे."