ओठांतल्या टाचण्या

आमच्या वन्संचा जन्म शिवणकामात गेला. पण डोळ्यांनी दगा दिला, सुईत दोरा ओवेना, शेवटी मशीन विकावं लागलं. तेवढ्यात शाळेच्या तरणतलावावर लहान मुलींना सांभाळायला बाई हवी असल्याचं कळलं. अट एकच, या टोकापासून त्या टोकापर्यंत न थांबता पोहून दाखवायचं. जमलं तर नोकरी, आणि राहती भाड्याची खोलीही टिकणार. नाही जमलं तर खोली सोडून आमच्याकडे, कायमच्या. आता खोटं कशाला बोलू? एका स्वयंपाकघरात आमचं विळ्याभोपळ्याचं सख्य! म्हणून तर रोज सकाळी मीच त्यांना ओढत तलावावर नेत होते.

कठडा धरून पाय मारा म्हटलं की वन्सं झकास मारायच्या. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून नुसते हातही छान चालायचे. पण हात, पाय आणि श्वास एकत्र आले की मुसळ केरात! चार हात मारले की चेहरा लालबुंद, आणि बाई निघाल्या तळाला. शिकवणारी पोरगी ओरडून थकली, "मावशी, पाण्यात श्वास सोडा! तोंड उघडा!" पण तोंड काही उघडेना.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझी ट्यूब पेटली.

"अगं, यांनी जन्मभर ओठांत टाचण्या धरून काम केलंय! हात चालू झाले की तोंड आपोआप बंद होतं."

पोरगी हसली. मला कुठलं हसू येतंय! "वन्सं, हात मारत पाण्यातनं चाला, आणि तोंड पाण्यात घालून मला शिव्या द्या."

"काहीतरीच काय!"

"मनात साठलंय ना इतक्या वर्षांचं? काढा बाहेर."

त्या चालू लागल्या. तोंड पाण्यात, बुडबुडेच बुडबुडे. मान वळवून श्वास, की पुन्हा बुडबुडे. साठा बराच होता मेला! मग पाय उचलून तेच केलं, आणि पहिल्यांदाच त्या बुडाल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या मोठ्या बाई काठावर येऊन उभ्या राहिल्या. शिट्टी वाजली. निम्म्यापर्यंत सगळं ठीक होतं. मग खोल पाणी आलं आणि वन्सं घाबरल्या. हात चालू, बुडबुडे बंद. पाय खाली जायला लागले. पोरगीनं काठी उचलली. ती काठी वन्संनी धरली की संपलंच सगळं.

"थांब गं जरा!" मी तिचं मनगट धरलं आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, "वन्सं, बोला! माझ्या नावानं बोला!"

पोरगीनं माझा हात झटकला. तेवढ्यात एक बुडबुडा आला, मग भसाभस आले. मान वळली, श्वास गेला आत, पाय हळूहळू वर आले. उरलेलं अंतर त्यांनी कसं कापलं ते त्यांनाच ठाऊक. मी डोळे मिटून घेतले होते.

डोळे उघडले तर वन्संनी पलीकडचा काठ धरलेला. मी धावत जाऊन गुडघ्यांवर बसले. धापा टाकत त्यांनी माझ्या गालावर ओला हात ठेवला.

"सुटलीस गं बाई एकदाची," त्या हसून म्हणाल्या, "आता नाही येत मी तुझ्या घरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.