आडनावाचा तंबू

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या टाउनहाऊसला लागून जो रस्ता जायचा त्याला एक स्कॉटिश आडनाव होतं, आणि आमच्या शेजारच्या आजोबांचं आडनावही तेच. एवढं कळल्यावर मराठी माणूस दुसरं काय समजणार? माझ्या नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात निकाल देऊन टाकला, "हे इथले इनामदार आहेत गं. शुअर. रस्ता यांच्याच खानदानाचा." त्या वर्षी गणपतीत आरतीचा पहिला मान आम्ही त्यांना दिला. आजोबा हातात तबक धरून गोंधळून उभे राहिले, पण नाही म्हणाले नाहीत. मोदक तर मागून घेतले.

ते मोटारीच्या कंपनीतून निवृत्त झालेले, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्यांच्या बेसमेंटमध्ये एक अख्खी भिंत त्या आडनावाची होती. टेक्ससमधलं एक गाव, कॅनडातलं एक तळं, कुठल्याशा बेटावरची नदी, एक सेनापती, एक बेसबॉलपटू, डोंगर चढणारी एक बाई. सगळ्यांचं आडनाव एकच. गावांच्या पाट्यांशेजारी आजोबा स्वतः टोपी घालून उभे. एका कोपऱ्यात बँक लुटणारा दरोडेखोरही होता. हा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, घरातला माणूस आहे, टाकून कसा देणार? मला तेव्हा वाटलं, आमच्याकडच्या कुलवृत्तांतवाल्यांचाच हा गोरा भाऊ. सात पिढ्या मुखोद्गत, आणि घरी आलेल्याला पाणी विचारायचं भान नाही, त्यातला. पण ते पाणीच काय, कॉफीही विचारायचे, म्हणून माफ केलं.

२००५च्या उन्हाळ्यात सासूबाई सांगलीहून आल्या. मी लग्नानंतर आडनाव बदललं नव्हतं, त्यामुळे आमच्या पत्रपेटीवर दोन आडनावं होती. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी ते वाचलं. "एका घराला दोन आडनावं. पोस्टमन काय म्हणत असेल?" मी म्हटलं, पोस्टमन बिलं टाकतो आणि जातो. इथवर आमचं ठीक होतं.

शेजारच्या आजोबांनी त्यांना कॉफीला बोलावलं. सासूबाईंनी ती भिंत पदर सावरत, देवळातले फोटो बघावेत तशी या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली आणि मला म्हणाल्या, "विचार त्यांना, यातले सख्खे कोण?"

"आई, असं पर्सनल विचारत नाहीत इथे," नवरा म्हणाला.

"आजी, दॅट्स सो रूड," माझी मुलगी म्हणाली. ती तेव्हा दुसरीत होती आणि सगळ्यांना वळण लावत होती.

"कुठले, कोणाचे, हे विचारायचं नाही तर माणसाशी बोलायचं काय? हवापाणी?" सासूबाई म्हणाल्या. "तू विचार गं."

मी विचारलं. मलाही जाणून घ्यायचंच होतं, उगाच सभ्यपणाचा आव कशाला आणू. आजोबांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, यातलं कुणीच नाही. त्यांना लहानपणी अनाथाश्रमातून दत्तक घेतलं होतं. आईवडिलांनी जीव लावला, पण वडिलांच्या अंत्यविधीला आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, हा काही खरा आपल्यातला नव्हे. ते वाक्य त्यांच्या मनातून गेलंच नाही.

मग त्यांनी मेळ्याची गोष्ट सांगितली. दर ऑगस्टमध्ये जवळच्या एका मैदानावर स्कॉटिश लोकांचा मेळा भरतो. प्रत्येक आडनावाचा वेगळा तंबू असतो. आजोबा दर वर्षी तिकीट काढून जायचे, बॅगपाइप ऐकायचे, आपल्या आडनावाच्या तंबूसमोर लांब उभे राहायचे आणि घरी यायचे. आत गेलं की विचारतात, तुम्ही कुठल्या शाखेचे? शाखा त्यांना कुठली सांगता येणार? आणि त्या हिवाळ्याआधी घर विकून ते अ‍ॅरिझोनात वृद्धांच्या वसाहतीत जाणार होते. म्हणजे हा मेळा शेवटचा, आणि त्या तंबूत एकदा तरी बसायचं होतं. हे सांगताना ते हसले.

"अगं, म्हणजे हे कुलसंमेलन," सासूबाई म्हणाल्या. "आणि हे मांडवाच्या दारातून परत येतात? त्यांना सांग, मी सांगते तसं."

मग त्या बोलत गेल्या आणि मी इंग्रजी करत गेले. त्या म्हणाल्या, लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. आडनाव तर बदललंच, पण आईनं पाळण्यात ठेवलेलं नावही गेलं. माझी मान खाली. काय लिहिलं ते मला पेढे वाटताना कळलं. पण त्या घराचा कुळाचार कोणी सांभाळला? मी. नैवेद्याला काय लागतं, देवीला कधी जायचं, हे माझ्या दिरांना आजही मला फोन करून विचारावं लागतं. जन्मले ते तिथे, पण घर मला पाठ आहे. मग मी परकी? "ज्यानं नाव वागवलं, नाव त्याचं. त्या आत्याला काय कळतंय."

आजोबांनी बिस्किटांचा डबा पुढे ओढला. त्यांनी सासूबाईंना आणखी एक बिस्किट दिलं.

मेळ्याला आम्ही सगळे एकाच गाडीतून गेलो. घागऱ्यातले दणकट बाप्ये बघून सासूबाईंनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि संयम पाळला. तंबूपाशी आलो तसे आजोबा हळू झाले. पाय बाहेरच अडकले. सासूबाई त्यांच्यासाठी थांबल्याच नाहीत. सरळ आत गेल्या, टेबलामागच्या बाईला नमस्कार केला आणि खुर्ची ओढून बसल्या. आता साडीतली बाई आत आणि आडनाववाला बाहेर, हे काही आजोबांना बघवेना. ते आत आले.

बाईने विचारलंच, कुठली शाखा?

आजोबांचे कान लाल झाले. ते म्हणाले, मी दत्तक आहे, मला शाखा नाही.

बाईने मान डोलावली, त्यांच्या शर्टवर आडनावाची चिकटपट्टी लावली आणि विचारलं, तुमचे गुडघे कसे आहेत? मिरवणुकीत झेंडा धरणाऱ्याचे आज धड नव्हते. आजोबा म्हणाले, गुडघे चांगले आहेत. थोड्या वेळाने ते सगळ्यांच्या पुढे झेंडा घेऊन मैदानाला फेरी मारत होते. रडू आलं मला, आणि लपवायला काळा चष्माही आणला नव्हता.

परतताना आजोबा पुढे बसले होते. मागे वळून त्यांनी मला सांगितलं, तुझ्या सासूबाईंना विचार, तांदळाच्या आधीचं नाव काय होतं?

मी विचारलं. सासूबाईंचे भाऊ त्यांना अक्का म्हणतात, गाव वहिनी म्हणतं, आणि आम्ही आई. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग त्यांनी ते नाव सांगितलं, आडनावासकट, अगदी सावकाश. गाडी चालवणाऱ्या नवऱ्याचा हायवेचा एक्झिट चुकला.

"आई, हे मला माहीतच नव्हतं."

"तू कधी विचारलंस?"

आजोबांनी ते नाव म्हणून बघितलं. पहिल्यांदा तोंडात अडखळलं, दुसऱ्यांदाही. माझ्या मुलीने दुरुस्त केलं. मग त्यांनी शाळेत मास्तर हजेरी घेतात तसं ते पूर्ण नाव मोठ्याने, नीट घेतलं.

"हजर," सासूबाई म्हणाल्या.