विलायती तार आणि काकांचे कान

धर्मांतराला पाच-सहा वर्षं होऊनही अमरावतीच्या आमच्या वस्तीत काही दंडांवर ताईत होते. त्यांच्याविरुद्ध मी पत्रकं लिहून वाटत असे. आणि माझ्याच काकांनी अकोल्याहून करंगळीएवढी जाड विलायती तार आणली!

आमचा रेडिओ आतल्या खोलीत होता. स्पीकरची पेटी ओट्यावर, मधे दहा हात तार, म्हणजे शेजाऱ्यांनाही बातम्या ऐकू येत. बातम्या संपल्या की काका त्या सगळ्यांना समजावून सांगत. कापसाच्या जिनिंगमध्ये, यंत्रांच्या खडखडाटात जन्म घालवलेल्या माणसाला वस्तीत मान होता तो यामुळे. पण काही महिने ते कुरकुरत होते, पेटीतले शब्द स्पष्ट येत नाहीत म्हणून. अकोल्याच्या दुकानदारानं सांगितलं, तुमची तार हलकी, आवाज तारेतच मरतो.

"आता कसं खनखनीत आयकू येते," काका म्हणाले.

मला हा ताईतच वाटला, फक्त तांब्याचा. रविवारी दुपारी मी परीक्षा ठेवली. दाराला चादर लावली. मी आतून तारा बदलणार, ज्यांना आवाज चांगला वाटेल त्यांनी हात वर करायचे. मी तार बदललीच नाही. दोन्ही वेळा जुनीच. "ही नवी," असं ओरडलो आणि सगळे हात वर गेले. फटीतून पाहिलं तर आधी काकांचा हात वर गेला होता, मग बाकीच्यांचे. आमच्या सभांत ठराव असेच पास होत.

मग मी सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून बसवलं, आवाज थोडा कमी केला आणि कोणती तार ते न सांगता आळीपाळीनं दोन्ही लावल्या.

"दोनी एकच हाय ना बाप्पा," शेजारची मावशी म्हणाली. "कावून आमाले भितीकडं बसवून राह्यला?"

काका भिंतीकडे पाहत म्हणाले, "लाव ना रे आता. किती येळ?"

पेटीतून कापसाचे भाव चालू होते. कोणी हसलं नाही.

लोक उठून गेल्यावर काकांनी विचारलं, "पयल्यांदा कोनती व्हती?"

तोंडावर खरं बोलायचं, हा माझा बाणा. "दोन्ही वेळा जुनीच, काका."

ते नवी तार कोपरावर गुंडाळत राहिले. "मले वाटलं व्हतं, तारच खराब असन," म्हणाले.

दुकानदारावर मी अजून चिडलेलो आहे. दहा हात अंतराला साधी तार पुरते, हे मी पत्रकात छापलं. परीक्षा कोणाच्या ओट्यावर झाली ते गाळलं. मी काही गाळून छापलेलं ते पहिलंच पत्रक.

दुसऱ्या दिवशी बातम्यांच्या वेळी काका बाहेर आले नाहीत. बोलवायला गेलो तर म्हणाले, "तूच सांग लोकायले. तुले लय समजते."

मी सांगितलं नाही. त्यांना रेडिओजवळ घेऊन बसलो आणि एकेक बातमी त्यांच्या कानाशी मोठ्यानं म्हणत गेलो. बातम्या संपल्यावर ते धोतर सावरून ओट्यावर गेले.