नव्या पानानं दिलेलं उत्तर

भुताखेतांचं कुणी सांगायला लागलं की मी सरळ उठून जातो. आज स्वतःच लिहायला बसलोय, याचीच चीड येतेय...

सोलापुरात एमआयडीसीत माझा टॉवेल-चादरींचा होलसेल धंदा आहे. सायकलवर टॉवेल विकत उभा केलेला. आमची वेबसाइट मैंदर्गीच्या मल्लिनाथनं बारा वर्षं एकट्यानं वाढवली, सगळी पीएचपी नावाच्या जुन्या कॉम्प्युटर-भाषेत. त्यात ‘भाव बोला’ नावाचं एक पान – व्यापाऱ्यानं भाव टाकायचा, पानानं घासाघीस करायची. त्यासाठी आठ दिवस शेजारी बसून तो माझं फोनवरचं बोलणं ऐकत होता.

दोन वर्षांपूर्वी ऐन सीझनला साइट चार दिवस बंद पडली. मी त्याला काढलं आणि बाजारभर सांगितलं, मल्लिनाथनं कोडमध्ये आतून कुलूप घातलंय.

मग साइट नव्यानं करायला लावण्या आली, शहराच्या पूर्व भागातली. जुनी साइट चालू ठेवून एकेक पान नव्या फ्रेमवर्कवर न्यायचं, गिऱ्हाइकाला कळूही द्यायचं नाही, ही तिची पद्धत. मी तिला एक जादा काम सांगितलं.

“ते कुलूप सापडलं की दाखव. त्याला चारचौघांत उभा करणार मी.”

नऊ महिन्यांनी ती म्हणाली, “सर, ओळ न् ओळ वाचली. कुलूप नाही.”

“नीट बघ.”

शेवटी राहिलं ‘भाव बोला’. दुपारची जेवणं झाली होती. नवं पान फक्त तिच्या लॅपटॉपवर होतं, इंटरनेट बंद. त्याला अजून ‘मंजूर’ आणि ‘नामंजूर’ एवढंच येत होतं. मी मुद्दाम पडेल भाव टाकला. उत्तर आलं –

‘तारखेशी घासाघीस चालत नाही, मालक.’

लावण्या हसली. “हे तुम्ही लिहिलंत, सर? कसली तारीख?”

“बंद कर ते.”

तिनं जुना कोड, नवा कोड, सगळं धुंडाळलं. ते वाक्य कुठंच नव्हतं. पुन्हा तोच भाव टाकला – नामंजूर.

मी मात्र ते वाक्य ओळखलं होतं. साइट बंद पडायच्या आदल्या दिवशी, याच खोलीत, मल्लिनाथ मला तेच म्हणाला होता. होस्टिंगची, म्हणजे साइट ठेवायच्या भाड्याची, मुदत संपत होती आणि दर खाली आणल्याशिवाय रिन्यू करणार नाही म्हणून मी कंपनीवाल्याला फोनवर ताणत बसलो होतो. खोलीत आम्ही दोघंच. मुदत संपली, साइट गेली.

मी मल्लिनाथला फोन लावला.

“कॉम्प्युटर कवाच विकला की, मालक. तुमच्या त्या बोलण्यावर कोण काम देतंय? आता तूर बघतो वडलांची.” मग शांतपणे विचारलं, “ते कुलूप गावलं का?”

“शोधतोय,” मी म्हणालो.

वाक्य कुठून आलं, ते लावण्याला सांगता आलं नाही, तिला हे काम शिकवणाऱ्या पुण्याच्या सरांनाही नाही. बाजारात मी अजून काही बोललेलो नाही. आणि खरं सांगू, राग अजून मल्लिनाथचाच येतो – नुसतं सांगत उभा राहण्यापेक्षा त्यानं माझ्या हातातला फोन का काढून घेतला नाही?