तात्यांनी रिकाम्या ठेवलेल्या चार रांगा

तात्या फार भांडखोर माणूस होते.

आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळपासून सगळे "शांत, संयमी व्यक्तिमत्त्व" असं लिहितायत. म्हटलं, कुणीतरी खरं लिहावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बारामती-इंदापूर भागातल्या दिव्यांग माणसांना नोकरीला लावायचं आणि ती नोकरी टिकवायची, एवढंच आमचं केंद्र करतं. तात्या असताना स्टाफ दोन. कारखान्यातून रिटायर झालेले फिटर हणमंततात्या, आणि मी.

आम्ही कुणाच्या वाढदिवसाचे केक कापत नाही. जुने कपडे घेत नाही. हे इतक्या जणांना सांगून झालंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

तरी परवा एकजण बिस्किटांचे पुडे घेऊन आलेच. सोबत फोटो काढायला मेहुणा.

आमची पद्धत साधी आहे. आधी माणसाच्या शेजारी बसून काम शिकवायचं. मग जरा लांब बसायचं. मग गेटवर. मग आठवड्यातून एक चक्कर.

ती चक्कर मात्र थांबवायची नाही. नळाची जागा बदलली, नवा मुकादम आला, एवढ्यानंही आमच्या माणसाचं काम सुटू शकतं.

मी मदतीला हात पुढे केला की तात्या खेकसायचे. "हात मागं घे. त्याचं काम हाय ते."

काही वर्षांपूर्वी आमच्या यादीतल्या सगळ्यांना काम लागलं. मी घरी पेढे नेले.

आणि केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या अध्यक्षांनी बोलावून सांगितलं, की प्रकल्प यशस्वी झाला, तेव्हा पुढच्या महिन्यापासून केंद्र बंद. यशाबद्दल तात्यांचा सत्कार.

म्हणजे शाल-श्रीफळ देऊन बंद करणार! काय बोलावं माणसानं?

तात्यांनी विचारलं, मग चक्कर कोण मारणार? अध्यक्ष म्हणाले, अहो, अजून किती वर्षं मारणार?

"चष्मा लागल्यावर किती वर्षं लावायचा, आसं कुनी इचारतं का?"

पण फ्लेक्स आधीच छापून झाला होता.

सोहळ्याच्या दिवशी हॉलमध्ये पुढच्या चार रांगांवर कागद चिकटवलेले: 'लाभार्थी'. तात्यांना निरोप होता, सगळ्यांना नवीन शर्ट घालून अकरा वाजता आणा. तात्या "व्हय" म्हणाले होते.

आले एकटेच. रोजच्याच शर्टात.

अध्यक्षांनी स्टेजवरून विचारलं, "तात्या, लाभार्थी कुठं आहेत?"

"कामावर."

"आज सुट्टी घ्यायला सांगितलं होतं ना?"

"कशाला खाडा पाडायचा? मंगळवार हाय."

मी खाली मान घालून बसले. हसू दिसू नये म्हणून.

प्रमुख पाहुणे म्हणजे ज्यांच्या सहीनं आमची मंजुरी येते ते साहेब. ते म्हणाले, ठीक आहे, मग आपणच तिकडे जाऊ.

चार गाड्या निघाल्या, लासुर्ण्याच्या ऊस रोपवाटिकेत. तिथे आमचा महेश कामाला आहे. वय पस्तीस, राहायला कळंबला. बोलतो कमी. गर्दी आणि आवाज त्याला सहन होत नाही. ट्रेच्या प्रत्येक कपात कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भरायचं आणि उसाची कांडी, कोंब फुटतो तो डोळा वर करून, लावायची, हे त्याचं काम. त्याच्या हातून एक कप चुकत नाही.

तात्या गेटवर सांगत होते, एकेकानं जावा. ऐकतंय कोण? फोटोग्राफर पुढे, बुके घेऊन अध्यक्ष मागे, बाकीचे टाळ्या वाजवत.

महेशनं कान झाकले आणि तो टेबलाखाली जाऊन बसला. जाताना दोन ट्रे पालथे झाले.

तात्यांनी सगळ्यांना अक्षरशः हाकलून बाहेर काढलं. मला एवढंच म्हणाले, "जा. बोलू नको."

मी टेबलाजवळ जमिनीवर बसून ट्रे भरायला घेतला. अर्धा तास तरी गेला असेल. एक कांडी उलटी लागली. मी ते मुद्दाम केलं असं लोक अजून कौतुकानं सांगतात. खोटं आहे. चुकलं माझं.

टेबलाखालून हात आला. महेशनं ती कांडी काढली, डोळा वर केला, परत लावली. मग पुढची लावली. मग बाहेर येऊन माझ्या हातातला ट्रेच काढून घेतला.

साहेब तोवर गेटवर तात्यांशेजारी चिखलात उभे होते. त्यांनी रोपवाटिकेच्या मालकांना विचारलं, या मॅडम नसत्या तर काय केलं असतं?

मालक म्हणाले, "खरं सांगू का साहेब? उद्यापास्नं ह्याला आनू नका म्हनलो असतो."

तात्यांनी फक्त साहेबांकडे बघितलं. 

साहेबांच्या सहीनं केंद्राला एक वर्ष वाढवून मिळालं. मग अजून एक. दर वर्षी तोच अर्ज, तेच "अजून किती वर्षं?" आणि हॉलमध्ये राहिलेली ती शाल ऑफिसच्या कपाटात, अजून पिशवीतच.

तात्या गेल्यापासून चक्कर मी मारते. महेश अजूनही मंगळवारी तात्यांची प्लास्टिकची खुर्ची गेटजवळ आणून ठेवतो. मला तिच्यावर बसू देत नाही. मी शेजारी दगडावर बसते. चिडते, आणि मग रडू येतं.

या वर्षीच्या मंजुरीचं पत्र अजून आलेलं नाही. तात्यांच्या फोटोला हार घालायचा कार्यक्रम मात्र लगेच ठरला. आज अकरा वाजता, त्याच हॉलमध्ये. 'सर्व लाभार्थ्यांना घेऊन यावे.'

हार घालून झाला. पुढच्या चार रांगांत मी एकटीच बसून हे लिहितेय. अध्यक्ष आत्ताच येऊन विचारून गेले, बाकीचे कुठे आहेत?

मी सांगितलं, कामावर.

तात्या, तुमची फार आठवण येते. आज तुमच्यासाठीसुद्धा कुणाचा खाडा पडू दिलेला नाही.

माझ्याकडून हीच श्रद्धांजली.