न हलणारा ट्रायपॉड

काका आमच्याकडे आले की बसण्याआधी खुर्चीच्या पाठीवर अंगठा दाबून बघायचे. "प्ले आहे," म्हणायचे. म्हणजे खुर्ची किंचित ढिली आहे, बसायला हरकत नाही, पण लक्षात असू द्या. जन्मभर रेल्वेचे रूळ तपासलेला माणूस. माझ्या नवऱ्याने हौसेने आणलेलं नवं कपाटही त्या अंगठ्यातून सुटलं नाही.

इकडे उत्तरेत, जगतपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मराठी घरं दोनच, काका-काकूंचं आणि आमचं. काका मूळचे अकोल्याचे, रिटायर होऊन इथेच राहिलेले. गणपती असो की हळदीकुंकू, फोटो काढणार काकाच, आणि कॅमेरा दुसऱ्याच्या हाती देणार नाहीत. त्यामुळे काकूंचे फोटो ढीगभर, दोघांचा मिळून एकही नाही. लग्नाचा अल्बम कुठल्याशा बदलीत सामानातून गहाळ झालेला.

मग काकूंना कॅन्सर निघाला. औषधं सुरू झाली की केस जातील, असं डॉक्टरांनी सांगितलं. काकूंचा अंबाडा मुठीत मावायचा नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "अहो, केस आहेत तोवर दोघांचा एक फोटो काढून ठेवू." हातात पंधरा दिवस होते.

काका ट्रायपॉड घ्यायला निघाले, आयुष्यातला पहिलाच. मी स्कूटरवरून त्यांना चारदीवारीत, जुन्या शहरातल्या बाजारात नेलं. खिशात काय घेतलं असेल? रुळाचा समतोल बघायची छोटी लेव्हल. प्रत्येक ट्रायपॉड उभा करायचा, वर लेव्हल ठेवायची, अंगठा दाबायचा आणि मान हलवायची. तिसऱ्या दुकानातला माणूस शेवटी वैतागला, "बाऊजी, फोटो खींचना है या पुल बनाना है?"

काका हसले नाहीत. मला म्हणाले, "रुळात एवढा फरक सोडला असता, तर मला जेवण गेलं नसतं."

तसेच हात हलवत परतलो. काकू नवी साडी नेसून, गजरा माळून दारातच उभ्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग हिला काढू द्या ना मोबाइलवर."

"माणसाचा हात हलतो. एकच फोटो काढायचा, तर तो नीट नको?" काका म्हणाले. "दिल्लीहून भारी मागवतो. आठवड्यात येईल."

मोबाइल माझ्या हातातच होता. एरवी माझं तोंड टकळीसारखं चालतं, त्या दिवशी मूग गिळून बसले. वडीलधारा माणूस, कशाला मध्ये बोला, असं वाटलं. आग लागो त्या शहाणपणाला.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. तोवर औषधं सुरू झाली होती आणि उशीवर केसांचे पुंजके दिसायला लागले होते. ट्रायपॉड आला तेव्हा काकूंच्या डोक्याला रुमाल होता. "आता नको. केस परत येऊ द्या," त्या म्हणाल्या. काकांनी आग्रह केला नाही.

केस आले नाहीत. शेवटचा महिना सलाइन घरीच लागायचं. बाटली टांगायला काही नव्हतं, तेव्हा काकांनी तो ट्रायपॉड पलंगाशी उभा केला, पाय पूर्ण लांब केले आणि वर आकडा बसवला. इतका भक्कम, की बाटली जराही डुलायची नाही. काका शेजारी बसून थेंब बघायचे. मला ते बघवत नसे.

काकू गेल्या, आणि महिन्याभराने मुलगी काकांना अकोल्याला न्यायला आली. निघताना ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बेटा, तुझ्या मोबाइलात कधी चुकून आम्ही दोघं आलो असू, तर बघशील?"

मी सगळे जुने फोटो उपसले. एक सापडला. माझ्या लेकीच्या वाढदिवसाचा, घाईत काढलेला, थोडा हललेलाच. काकू हसताहेत आणि फोटोच्या कडेला एका माणसाचा कोपर, त्याखाली मनगटावर काकांचं घड्याळ. बाकीचे काका चौकटीबाहेर. मी तोच पाठवला.

यंदा काकाही गेले. मुलगी फोनवर सांगत होती, त्यांनी तो फोटो मोठा करून भिंतीवर लावला होता, अजून तिथेच आहे. येणारेजाणारे विचारतात, हा हात कुणाचा. ती सांगते, बाबांचा.